राखण कुणाची, हक्क कुणाचा?

दोस्तहो, हा सवाल माझा नाही, माझ्या मावशीचा आहे. मी फक्त लिहून काढतोय.

आई बौद्ध, मावशी ख्रिस्ती. नगर जिल्ह्यात हे नवं नाही. एकाच महारवाड्यातल्या घरांनी दोन वाटा धरल्या. कुणी मिशनच्या मागं गेलं, कुणी छप्पन सालानंतर बाबासाहेबांच्या मागं. आजोबांनी दीक्षा घेतली, पण थोरली लेक दिली ती ख्रिस्ती घरात. आता एका आईच्या पोटच्या दोघींपैकी एकीच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दुसरीच्या भिंतीवर क्रूस. आणि क्रुसाच्या शेजारी बाबासाहेब तिथंही आहेतच.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला मी तिच्याकडे गेलो होतो. रविवार होता. उपासनेला बाहेरगावचे पाहुणे पाळक आले होते. संदेश दिला सृष्टीच्या राखणीवर. देवाने पृथ्वी आपल्या हाती सोपवली आहे, आपण तिचे कारभारी, ख्रिस्ती माणसाने झाडं लावली पाहिजेत, पाणी जपलं पाहिजे, प्लास्टिक टाळलं पाहिजे. बोलले चांगलं. शेवटी घरटी एक कडुलिंबाचं रोप वाटलं. मावशी रोप घेऊन उभी राहिली ती खाली बसेना.

"पाळकसाहेब, रोप लावंन मी. पण कुढं लावू?"

"अंगणात लावा, आई."

"अंगण गायरानात हाय, साहेब. तुमी रोप दिलं, तलाठ्यानं नोटीस दिली. दोन्हीचं काय करू ते सांगा."

देवळात हसू फुटलं. पाहुणे भले माणूस असावेत. ते हसले नाहीत. पण त्यांच्याकडे उत्तरही नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि शेवटची प्रार्थना सुरू केली.

मी परत आलो आणि वस्तीतल्या पोरांना हा किस्सा सांगितला. पोरं जाम हसली. एकजण म्हणाला, झाडंबिडं हा बंगलेवाल्यांचा नाद आहे. ज्याला सकाळी नळाला रांग लावावी लागत नाही, त्याला पृथ्वीची काळजी वाटते. टाळ्या पडल्या. मीही टाळी दिली.

पण नंतर ध्यानात आलं, मावशीने ते रोप परत केलं नव्हतं. ती ते घरी घेऊन गेली होती. म्हणजे पाळकाचं उत्तर तिला पुरलं नव्हतं, आणि आपल्या पोरांचं उत्तर तर तिचं नव्हतंच. तिचा सवाल या दोघांच्या मधे उभा आहे. तोच नीट मांडून बघू.

आधी ख्रिस्ती माणसाच्या जबाबदारीबद्दल त्यांच्यातच काय भांडण झालं ते बघू. १९६७ मध्ये लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि सरळ आरोप केला की पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मानेच निसर्गाच्या लुटीला परवाना दिला. पुरावा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातला. तिथं देव माणसाला पृथ्वीवर सत्ता चालवायला सांगतो. चर्चवाले खडबडून जागे झाले. त्यांनी पुढचा अध्याय उघडून दाखवला. तिथं माणसाला बागेत ठेवलं जातं ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. म्हणजे माणूस मालक नाही, राखणदार आहे. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पाखरांना भावंडं मानणाऱ्या असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत जाहीर केलं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे पत्रक काढलं. पृथ्वीचं रडणं आणि गरिबाचं रडणं वेगळं काढता येत नाही, आणि पिण्याचं स्वच्छ पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं.

हे सगळं ठीक. पण 'राखणदार' हा शब्द ऐकला की पाश्चात्त्य माणसाला जे वाटतं ते आपल्याला वाटत नाही. त्याला तो शब्द नम्र वाटतो. मालकी सोडून राखणदार होणं त्याच्यासाठी मोठा त्याग आहे. आपल्याला तो शब्द ओळखीचा वाटतो. आपले बापजादे तेच होते.

वेशीवर रात्र जागवणारा वेसकर कोण होता? शिवेचा तंटा लागला की शीव दाखवायला कुणाला पुढं करत? मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून गावाची हवा कोण साफ ठेवत होतं? ओढा, माळ, शिवार, पांदण यांची खडान्‌खडा माहिती कुणाला होती? गावाची राखण महाराने केली. आणि मोबदला? हाडकी-हाडवळ्याचा तुकडा, बलुतं आणि शिळी भाकर. ज्या गावाची राखण केली त्याच गावच्या विहिरीवर पोहरा टाकायची बंदी. याला वतन म्हणत. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करायला विधेयक आणलं, कारण हे वतन म्हणजे वेठ आहे हे त्यांनी ओळखलं होतं. प्रत्यक्षात महारवतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे आहे: हक्काशिवाय राखण म्हणजे वेठ. मग ती पाटलाने सांगितलेली असो नाहीतर देवाने. कुणी म्हणेल, कारभारी म्हणजे वेठबिगार नव्हे, विश्वस्त. विश्वस्ताची भाषा आपण गांधींकडून ऐकलेली आहे. श्रीमंताने संपत्तीचा विश्वस्त व्हावं आणि गरिबाने त्याच्या भलेपणावर विसंबावं. बाबासाहेबांनी त्या भाषेला थारा दिला नाही. कारण विश्वस्ताला जाब विचारायचा तर विचारणाऱ्याच्या हातात काहीतरी लागतं. मावशीच्या हातात काय आहे? एक रोप आणि एक नोटीस.

दुसरा शब्द घ्या, प्रदूषण. हा शब्द छापून यायच्या कितीतरी आधी आपण तो अंगावर झेलला आहे. तेव्हा त्याचं नाव विटाळ होतं. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी घेतलं. तळं बाटलं म्हणून सवर्णांनी त्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करून घेतलं. त्या तळ्याचा हक्क कोर्टात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडलं. माणसाच्या ओंजळीने तळं बाटतं आणि शेणमुताने शुद्ध होतं, हे ज्या समाजाला शास्त्र वाटलं त्या समाजाने आज आपल्याला पाण्याची शुद्धता शिकवायला यावं, हा मोठा विनोद आहे. आज ओढ्यात मळीचं काळं पाणी सुटतं, शहराची गटारं नदीत जातात, तेव्हा कुणी मंत्र म्हणत धावत येत नाही. आणि त्या गटारात उतरायला मात्र अजून आपलाच माणूस लागतो. हाताने मैला उपसण्यावर १९९३ मध्ये बंदीचा कायदा झाला, २०१३ मध्ये आणखी कडक झाला, तरी सेप्टिक टँकमध्ये गुदमरून माणसं मरतातच. सृष्टीच्या राखणीच्या यादीत झाड आहे, चिमणी आहे, कासव आहे. त्या टाकीत उतरणारा माणूस आहे का?

तिसरा शब्द 'टिकाऊ विकास'. हा शब्द सगळ्यांना माहीत झाला तो १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालामुळे. आजच्या पिढीने आपली गरज भागवताना उद्याच्या पिढीची गरज मारू नये, असा त्याचा अर्थ. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. जागतिक चर्च परिषदेने १९७५ मध्ये नैरोबीच्या अधिवेशनातून जो समाज हवा म्हणून सांगितला त्यात तीन शब्द होते: न्याय्य, सहभागी आणि टिकाऊ. न्याय पहिला. टिकणं तिसरं. पुढे सरकारांनी आणि कंपन्यांनी हा माल उचलला तेव्हा पहिले दोन शब्द वाटेत सांडले आणि नुसतं टिकाऊ उरलं. आता जे आहे तेच टिकवायचं. कुणाची वाडी, कुणाचं गायरान, कुणाची विहीर, कुणाची वेस, सगळं जसंच्या तसं. असं बघितलं तर जातिव्यवस्थेइतकं टिकाऊ या देशात दुसरं काय आहे? आणि उद्याच्या पिढीचा हिशेब मांडताना कालच्या पिढ्यांची थकबाकी कोण मांडणार?

गायरानाचं उदाहरण घ्या, कारण मावशीचा सवाल तिथंच उभा आहे. कसायला जमीन द्या म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला, आपल्या माणसांनी तुरुंग भरले. पुढे मराठवाड्यात, नगर-सोलापुरात भूमिहीनांनी पडीक गायरानं फोडून पिकाखाली आणली. मार खाल्ला, पिकं जाळून घेतली, दंड भरले. दंडाची पावती जपून ठेवली, कारण तोच ताब्याचा पुरावा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारला १९९१ मध्ये काढावा लागला. तरी कितीतरी जणांचा सातबारा झालाच नाही. मग २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात देशभरच्या गावकीच्या जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. भूमिहीन आणि अनुसूचित जातीजमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींसाठी अपवाद ठेवला. पण नोटीस आधी कुणाच्या दारात पडते ते तुम्हाला माहीत आहे. आणि आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानांवर सौर पॅनल उभे राहतायत. सौर वीज वाईट आहे असं मी म्हणत नाही. धुराच्या विजेपेक्षा ती शंभर पट बरी. पण दिवसाची वीज लागते ती विहीर-मोटारवाल्याला, आणि जमीन जाते ती ज्याच्याकडे विहीरही नाही आणि मोटारही नाही त्याची. पृथ्वी वाचवायची किंमत पुन्हा त्यानेच मोजायची.

इथं मावशीची आणखी एक अडचण. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये आपण बौद्ध आलो. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. आपल्या राज्यात त्यांना इतर मागासवर्गात बसवलंय. म्हणजे त्याच गायरानात, त्याच बांधाला लागून आईचा भाऊ कसतो तेव्हा अनुसूचित जातीचा म्हणून भांडू शकतो. मावशीचा मुलगा फक्त भूमिहीन म्हणून. माती एक, रक्त एक, दाखला वेगळा.

आता ख्रिस्ती मंडळींना त्यांच्याच शास्त्रातून एक गोष्ट विचारतो. बागेची राखण कर, या सांगण्यात मूळ हिब्रू भाषेतला जो धातू आहे, तो 'शामर', दोनच अध्याय पुढे पुन्हा येतो. काईन भावाचा खून करतो, देव विचारतो भाऊ कुठे आहे, आणि काईन उलट विचारतो, मी काय भावाचा राखणदार आहे? जमिनीची राखण आणि भावाची राखण, शब्द एकच. आणि त्याच गोष्टीत पुढे भावाचं रक्त कुठून हाक मारतं? जमिनीतून. मग पृथ्वीच्या राखणीवर संदेश देणाऱ्याने भावाचा विषय टाळून कसं चालेल?

त्याच शास्त्रात नाबोथाची गोष्ट आहे. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो, भाजीपाला लावायला. बदल्यात चांगला मळा देतो, पैसे देतो, म्हणजे आजच्या भाषेत योग्य मोबदला. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन देणार नाही. मग राणी ईजबेल दोन खोटे साक्षीदार उभे करते. आरोप काय, तर देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. देवद्रोह आणि राजद्रोह. नाबोथाला दगडांनी ठेचून मारतात आणि राजा मळा ताब्यात घ्यायला निघतो. ही गोष्ट पर्यावरणदिनाला का सांगत नाहीत? तिच्यात हिरवागार मळा आहे, भाजीपाला आहे, सगळं आहे.

या गोष्टीची किंमत ओळखणारे ख्रिस्ती नव्हते असं नाही. फादर स्टॅन स्वामींना आठवा. जेझुइट फादर, रांचीजवळच्या 'बगईचा'मध्ये राहायचे. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी, खटल्याविना तुरुंगात सडणाऱ्या त्यांच्या पोरांसाठी लढायचे. ८ ऑक्टोबर २०२० ला त्यांना आपल्या भीमा-कोरेगावशी जोडलेल्या एल्गार परिषदेच्या खटल्यात अटक झाली. मी तिथं कधी गेलोच नाही, असं ते सांगत राहिले. कंपवाताने हातात पेला धरवत नव्हता, म्हणून तळोजा तुरुंगात पाणी प्यायला नळीचा पेला मागत होते. जामीन मिळाला नाही, गुन्हा सिद्ध झाला नाही, आणि ५ जुलै २०२१ ला चौऱ्याऐंशीव्या वर्षी कोठडीतच गेले. त्या माणसाने रोपं वाटली की नाही मला माहीत नाही. पण सृष्टीची राखण काय असते ते त्याच्याकडे बघून कळतं. जंगल राखायचं म्हणजे जंगलात राहणाऱ्याच्या हक्काशेजारी उभं राहायचं.

तामिळनाडूत इडिंतकराईच्या मच्छीमार बायका २०११ पासून चर्चच्या अंगणात मांडव घालून कुडनकुळमच्या अणुभट्टीविरुद्ध बसल्या. केरळात विळिंजमच्या बंदराविरुद्ध २०२२ मध्ये मच्छीमारांबरोबर लॅटिन कॅथलिक धर्मप्रांत रस्त्यावर उतरला. आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समिती घेऊन जमीन आणि पाणी लुटणाऱ्यांपुढं उभे राहिले. हे सगळं धाडसाचं काम आहे, त्याला सलाम. फक्त एक फरक नोंदवून ठेवतो. वसईच्या शेतकऱ्याच्या नावावर वाडी होती. वाचवायला त्याच्याकडे काहीतरी होतं. मावशीला वाचवायच्या आधी मिळवायचं आहे. मिळवण्याच्या लढ्याला जोवर पर्यावरणाचा लढा म्हणत नाहीत, तोवर हा शब्द अर्धाच.

चर्चने आपलं घरही बघावं. तामिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीत दलित ख्रिस्त्यांसाठी वेगळी भिंत घातलेली आहे. मातीची काळजी घ्या म्हणणाऱ्यांनी मातीत गेल्यावरही जात ठेवली. २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलितांबाबतचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी कबूल केलं. कबुली ही सुरुवात झाली. जालन्याचे अरविंद निर्मळ, आपल्याच मातीतला माणूस, १९८१ मध्ये बंगळूरच्या ख्रिस्ती विद्यालयात उभा राहून म्हणाला की आमचं धर्मशास्त्र आमच्या दुःखातून लिहिलं गेलं पाहिजे. तिथून दलित ख्रिस्ती विचार सुरू झाला. आणि त्याच जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी महार-मांग ख्रिस्त्यांसाठी निजामी राज्यात जमीन मिळवून बेथेल हे गाव वसवलं होतं. म्हणजे प्रार्थनेबरोबर जमीनही लागते हे त्या काळच्या मिशनरी माणसाला कळत होतं. आज ज्या मंडळींच्या नावावर जमिनी आहेत, विहिरी आहेत, त्यांनी आपलं दफ्तर उघडावं. कोण कसतो, कोण पाणी भरतो, कुणाला बिल्डरसाठी उठवलं जातंय, हे उपासनेनंतर मोठ्याने वाचावं. मग रोपं वाटावीत.

इथवर टाळ्या मिळतील. आता आपल्याकडे वळतो.

पर्यावरण हा बंगलेवाल्यांचा नाद, हे म्हणणं सोपं आहे. पण दुष्काळ पडला की पहिला हंडा कुणाचा रिकामा होतो? पूर आला की ओढ्याकाठची कुणाची झोपडी जाते? शहराचा कचराडेपो कुणाच्या वस्तीशेजारी असतो? नादाचा प्रश्न त्यांचा असेल, श्वासाचा प्रश्न आपला आहे. रात्री वाळूच्या ट्रॅक्टरवर फावडं मारणारी पोरं आपलीच आहेत. पोटासाठी करतात, त्यांना दोष देत नाही. पण ठेकेदाराच्या गाडीवर निळा झेंडा लावून फिरणारा आपला पुढारी पोटासाठी करत नाही.

आणि जयंतीचं काय? १४ एप्रिलच्या रात्री मिरवणूक संपते तेव्हा रस्त्यावर पाण्याच्या पिशव्यांचा, प्लास्टिकच्या ग्लासांचा खच पडलेला असतो. पहाटे तो कोण झाडतो? नगरपालिकेची सफाई कामगार बाई. ती कोण? आपलीच, नाहीतर मातंग, नाहीतर मेहतर. आपण रात्रभर मुक्तीच्या घोषणा दिल्या आणि पहाटे तिच्या हातात झाडू दिला. या एका गोष्टीचं उत्तर आपल्याकडे नसेल तर पाळकाला जाब विचारायचं तोंड आपल्याला नाही.

बाबासाहेब विकासाच्या विरोधात नव्हते हे मी विसरलेलो नाही. मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांनी केली. पाणी आणि वीज गरिबापर्यंत पोचावी म्हणून त्यांनी धडपड केली. खेड्याला त्यांनी स्वर्ग म्हटलं नाही. तेव्हा मागे चला, चुलीकडे चला, पाटलाच्या वाड्याकडे चला, असं सांगणारं पर्यावरण आपलं नव्हे. आपलं म्हणणं एवढंच: पाणी, जमीन, हवा यांची राखण आम्ही करू. पिढ्यान्‌पिढ्या केलीच आहे. पण यापुढे वतनदार म्हणून नाही, हक्कदार म्हणून. आणि हा हक्क मागताना ख्रिस्ती भावाला बांधापलीकडे ठेवणार नाही. त्याच्या दाखल्याचा लढा आपला लढा मानू. काईनाचा सवाल आपल्यालाही लागू आहे.

परवा मावशीचा फोन आला. रोप जगलंय. अंगणात लावलंच नाही तिने. गायरानाच्या बांधावर, मुलगा कसतो त्या तुकड्याच्या कोपऱ्यात लावलं. रोज घागरभर पाणी नेते. मी विचारलं, एवढ्या लांब कशाला?

म्हणाली, "अरं लेका, उंद्या पंचनाम्याला आले तर झाडाचं वय मोजतील ना. झाड काय खोटी साक्ष देतं व्हय?"

पुढच्या महिन्यात त्या नोटिशीवर तहसीलला तारीख आहे. आपली पोरं घेऊन मी जाणार आहे. पाळकसाहेबांनाही निरोप धाडलाय. बघू कोण कोण येतं ते.

जयभीम.